शेवटचे पंधरा फूट

१

सकाळी दहा वाजता सगळ्यांच्या देखत सातव्या डब्याचं झाकण निघालं आणि आत कोरी पांढरी फिल्म निघाली.

पहिल्यांदा कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. डॉक्टरांनी मोजा घातलेल्या दोन बोटांत फिल्मचं टोक धरलं, दिव्यासमोर नेलं, आधी वीतभर सोडलं, मग हातभर. चित्र नाही, पाटी नाही, साधा ओरखडासुद्धा नाही. झाकण त्यांच्या हातून टेबलावर आदळलं.

"हे ते रीळ नाही," ते म्हणाले.

हे डॉक्टर माणसांचे नव्हेत, सिनेमांचे. सुकलेल्या, फाटलेल्या, आकसलेल्या फिल्म बऱ्या करायच्या, हा त्यांचा धंदा. फिल्म-संग्रहालयाच्या तळघरात बसून गेले आठ महिने ते एकाच रोग्याची शुश्रूषा करत होते. 'माघारीचं आकाश' हा चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा विज्ञानपट. एक बाई दूरच्या ग्रहावर जाते, तिची सहा वर्षांची मुलगी खिडकीत बसून वाट बघते, एवढीच गोष्ट. लोकांनी जो शेवट पाहिला त्यात आई परत येते, मुलगी धावते, सनई वाजते. पण दिग्दर्शकाने आधी वेगळा शेवट चित्रित केला होता. त्यात आई येत नाही. निर्मात्यांना, म्हणजे थोरल्या शेठना, तो पसंत पडला नाही. पुढे तो संकलनाच्या टेबलावर जळाला असं जाहीर झालं, आणि ठपका आला संकलन करणाऱ्या बाईंवर. त्या दिवसानंतर त्यांना कुणी मोठा सिनेमा दिला नाही.

पंधरा दिवसांपूर्वी मात्र चमत्कार झाला. 'खतांचा योग्य वापर, भाग तीन' असं लिहिलेला अडगळीच्या फळीवरचा एक डबा डॉक्टरांनी कंटाळून उघडला. चव्वेचाळीस वर्षांत कुणालाही खतांचा योग्य वापर जाणून घ्यावासा वाटला नव्हता. आत तो शेवट होता, सिनेमाचं हरवलेलं सातवं रीळ. म्हणजे रीळ जळलं नव्हतं. बाईंच्या कपाळावरचा डाग पुसला जाणार होता, तोही आज संध्याकाळी सहा वाजता, भरल्या सभागृहात.

आणि आज सकाळी डब्यात कोरी फिल्म होती.

"काल संध्याकाळी पाच वाजता," संग्रहालयाचे संचालक म्हणाले, "या डब्यापाशी एकटं कोण बसलं होतं?"

उत्तर द्यायची गरजच नव्हती. पाव तास दार लावून त्या खोलीत एकटी बसली होती ती तीच बाई. सगळं संग्रहालय जिला मावशी म्हणतं, ती.

२

संचालकांनी पोलिसांना फोन केला नाही. आपल्या सख्ख्या आत्याला केला.

आत्यांनी तीस वर्षं विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं तपासली होती. आग कुठून लागली, आपोआप लागली की कुणी लावली, हे राख चिवडून सांगायचं. निवृत्तीनंतर त्या देवाचं नाव घ्यायच्या, लख्ख भांडी घासायच्या आणि भाच्याचं लग्न जमवायच्या मागे असायच्या. अकरा वाजता त्या छत्री टेकत तळघरात उतरल्या. बाहेर उकाडा असा की भिंतींनासुद्धा घाम फुटावा.

"आत्या, सहा वाजता तीनशे माणसं येतायत," संचालक म्हणाले. "मला काहीतरी जाहीर करावं लागेल. हे निवेदन लिहून ठेवलंय."

आत्यांनी कागद वाचला. 'सातवं रीळ काल संध्याकाळी माजी संकलिका तेथे एकट्या असताना नाहीसं झालं.'

"एका वाक्यात बाईला दुसऱ्यांदा फाशी दिलीस की रे राजा."

"खोटं आहे का एक तरी अक्षर?"

"अक्षरं खरी आहेत. वाक्य खोटं असू शकतं." त्यांनी कागदाची घडी घालून आपल्या पिशवीत टाकली. "सहापर्यंत हे माझ्याकडे. आता तुझे डॉक्टर दाखव."

डॉक्टरांचा पूर्वरंगच इतका लांबला की आत्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. फिल्म म्हणजे काय, ती आंबते कशी, तिला व्हिनेगरचा वास का सुटतो. मुद्दा असा की अशा फिल्म थंड खोलीत ठेवतात, थेट फ्रिजसारख्या. बाहेर काढल्या की डबा पट्टी लावून बंदच ठेवायचा आणि चोवीस तास शेजारच्या खोलीत नुसता पडू द्यायचा. हळूहळू तो खोलीइतका उबदार होतो, मगच उघडायचा. त्या खोलीला इथे सगळे 'विसावा' म्हणत.

"काल सकाळी दहाला मी डबा विसाव्यात आणून ठेवला," डॉक्टर म्हणाले. "आज दहाला उघडला."

"आत तेच रीळ आहे हे पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही पाहिलं होतंत?"

"टोक पाहिलं होतं. टोकाला सिनेमाचं नाव लिहिलेली पाटी आहे. पुढे सोडलं नाही, फिल्म कडक झालीय. चिठ्ठी लिहिली, झाकणाला आतून चिकटवली, डबा बंद केला, पट्टी लावली आणि थंडीत ठेवला."

आत्या तोवर टेबलावरचं झाकण उलटं करून पाहत होत्या. आत डॉक्टरांच्या वळणदार अक्षरातली निळ्या शाईची चिठ्ठी होती. अक्षर मोत्यासारखं, फक्त खालच्या ओळीतला सात पोट सुटल्यासारखा फुगला होता.

"छान अक्षर. शाईने लिहायचा नियम आहे?"

डॉक्टर ओशाळले. "नियम पेन्सिलीचा आहे. पण आत्याबाई, पेन्सिलीला रूप नसतं हो."

"आणि पट्टी? आज सकाळी नीट होती?"

"एका कडेला सुटली होती जराशी. गारठ्याने सुटते कधी कधी."

"काल सकाळी विसाव्यात कोण कोण आलं होतं?"

"धाकटे शेठ आले होते, प्रदर्शनाच्या परवानगीवर सही करायला. मग छोटी आली, लॉबीत लावायला स्वतःचा लहानपणीचा फोटो घेऊन. दोघांनाही तिथेच बसवलं, एकच पंखा धड चालतो ना. सव्वादहा ते पावणेअकरा. एक गेला, मग दुसरी आली, आणि यंत्राचा पट्टा तुटल्याने मी मधेमधे आत जात होतो. दोघंही पाच-दहा मिनिटं एकेकटे होते म्हणा." ते थांबले. "पण ते सकाळी. चोरी संध्याकाळी झाली ना?"

"असं कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतायत."

"हं," आत्या म्हणाल्या. "मग शेवटचा प्रश्न. रीळ आत्ता कुठे असेल असं वाटतं तुम्हाला?"

डॉक्टरांचे डोळे भरून आले. "कुठेही असो. थंडीत असू दे, एवढंच मागणं."

आत्यांनी झाकण स्वच्छ कागदात गुंडाळलं आणि पिशवीत घातलं, निवेदनाच्या शेजारी.

३

धाकटे शेठ साठीचे होते. वडील जाऊन वीस वर्षं झाली, तरी नावातलं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. ते गाडीची किल्ली बोटावर फिरवत आले. दुसरं काहीच हातात नव्हतं.

"पिशवी, फाइल काही नाही?" आत्यांनी विचारलं.

"मी मोकळ्या हाताने फिरतो. उचलायला माणसं आहेत." ते खुर्चीत रेलले. "कालही असाच आलो, सही केली, निघालो. पेनसुद्धा यांचंच."

"हा दुसरा शेवट लोकांसमोर आला की तुमच्या वडिलांनी बाईंवर उगाच आळ घेतला हे उघड होणार."

"होऊ दे की! बाबा गेले, त्यांचा हिशेब वर. बाई, लोकांना आता दोन दोन शेवट बघायचे असतात. एक बघून रडायचं, दुसरा बघून भांडायचं. मी तर म्हणतो, तिसरा सापडला तरी शोधा. मी कशाला चोरू? स्वतःच्या झाडाचा आंबा कुणी चोरतं का?"

"रीळ आत्ता कुठे असेल?"

किल्ली थांबली. "जळलं असेल. बाबा म्हणायचे, त्या बाईच्या हाताला आगच आहे. मला पटायचं नाही. पण दोनदा कसं होतं मग तुम्हीच सांगा."

ते गेल्यावर छोटी आली. पन्नाशीची, शाळेत गणित शिकवणारी बाई, पण दिग्दर्शकाची लेक आणि त्या सिनेमातली खिडकीतली मुलगी म्हणून आजही सगळ्यांची छोटीच. ती खुर्चीच्या कडेवर बसली. मांडीवर मोठी कापडी पिशवी, रिकामी, घडी घातलेली.

"फोटो याच पिशवीतून आणलात?"

"हो. फ्रेम मोठी आहे ना."

"लहानपणीचं काही आठवतं चित्रीकरणाचं?"

"सहा वर्षांची होते मी. काय आठवणार!" ती पटकन म्हणाली. मग हळू आवाजात, "मावशींचं नाव का घेताय सगळे? त्या कशाला करतील असलं काही?"

"मी अजून कुणाचंच नाव घेतलं नाही. रीळ कुठे असेल असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय माहीत. कुठेतरी असेल." तिने पिशवीची घडी मोडली, पुन्हा घातली. डॉक्टर दारातून यंत्राचा पट्टा घेऊन चालले होते, त्यांच्याकडे बघत म्हणाली, "ओलसर झाली असेल तर ती फिल्म आपोआप वाळते का हो? की पुसून घ्यावी लागते?"

"पुसायची नाही!" डॉक्टर किंचाळलेच. "हात लावायचा नाही. बाहेरचे वेढे सैल सोडून हवेवर लोंबते ठेवायचे. वेढ्याला वेढा चिकटला की चित्र सालासारखं निघून येतं."

"बरं," छोटी म्हणाली. "मी निघू? दुपारची शाळा आहे."

आत्यांनी मान हलवली. ती दारापर्यंत गेली नाही तोच संचालक धापा टाकत आले.

"आत्या, वर चल. मावशी आल्यात. म्हणतायत, लिहून घ्या, मीच नेलं."

जिन्याच्या पहिल्या पायरीवर छोटीचा पाय तसाच थांबला. मग ती मागे न बघता निघून गेली.

४

मावशी कचेरीतल्या सर्वांत कडक खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे, केस कापसासारखे. डाव्या हातात पांढरा सुती मोजा, उजवा हात उघडा.

"दुसरा मोजा हरवला का?" आत्यांनी शेजारी बसत विचारलं.

"कधी घातलाच नाही. डावा फिल्म धरतो, उजवा कापतो. कापणाऱ्या हाताला डोळे लागतात, बाई. त्याचं तोंड बांधून कसं चालेल? सवय आहे. फिल्मच्या घरात आले की डावा मोजा आपोआप चढतो."

"आणि हे काय ऐकते मी?"

"खरं तेच. काल पाच वाजता विसाव्यात बसले. डबा उघडला, रीळ पिशवीत घातलं, घरी नेऊन जाळलं. संपलं." त्यांनी संचालकांकडे पाहिलं. "ते तुझं निवेदन वाच बाबा सहाला. माझी ना नाही."

"पण का, मावशी?" संचालकांनी विचारलं. "ते रीळ तुमची सुटका होती! चव्वेचाळीस वर्षं लोक तुम्हाला काय काय बोलले!"

"बोलले. मी मेले का?"

आत्यांनी त्यांच्या उघड्या हातावर हात ठेवला. "उघडलात तेव्हा डबा हाताला कसा लागला?"

मावशींना प्रश्न अनपेक्षित होता. क्षणभर त्या गोंधळल्या. "कसा म्हणजे? गार. बर्फासारखा. थंडीतून काढलेला ना तो."

"तुमच्या वेळी थंड खोल्या होत्या?"

"कुठल्या! टेबलाखाली रचायचो आम्ही डबे. उन्हाळ्यात त्यांच्यावर मांजर झोपायचं."

"वाटलंच," आत्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "मावशी, तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात. आणि खोटं बोलायला अगदीच कच्च्या."

मावशींनी तोंड फिरवलं. दोन वाजत आले होते.

५

"फ्रिजमधली पाण्याची बाटली आण," आत्यांनी भाच्याला सांगितलं. डॉक्टरांनाही बोलावून घेतलं आणि दार लावलं.

बाटली टेबलावर ठेवली. बघता बघता बाटलीवर बारीक थेंब जमले, मोठे झाले, ओघळले.

"हे काय झालं?"

"दव," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर विसावा. गार डबा उघडला की हवेतला ओलावा आत..." ते वाक्य तिथेच तुटलं.

आत्यांनी पिशवीतून झाकण काढून उलटं ठेवलं. "बोट ठेवा त्या सातावर. पोट सुटलंय त्याचं. शाई पाण्याने फुटली. चिठ्ठी लिहिलीत तेव्हा डबा खोलीइतकाच उबदार होता, म्हणजे तेव्हा घाम फुटला नाही. थंड खोलीत हवाच कोरडी. मग पाणी आलं कुठून? डबा बाहेर आल्यावर, तो गार असतानाच कुणीतरी उघडला. ओल्या पत्र्यावर पट्टी पुन्हा चिकटवली, म्हणून ती कडेला सुटली. आता सांगा डॉक्टर, पत्रा किती वेळ गार राहतो?"

"पत्रा? पाऊण तास. फार तर तास. आतली फिल्म मात्र दिवसभर."

"म्हणजे चोरी काल अकराच्या आत झाली. मावशी आल्या पाचला. तेव्हा डबा तुमच्या-माझ्या हाताइतका उबदार होता आणि त्या म्हणतात बर्फासारखा. जे केलंच नाही त्याची कबुली दिली की असं होतं."

संचालकांनी इतका मोठा निःश्वास टाकला की बाटलीवरचे थेंब हलले असतील. "मग उरले तिघं. डॉक्टर, शेठ, छोटी."

"मी?" डॉक्टर ताडकन उठले. "मी गार डबा उघडीन? त्यापेक्षा स्वतःचं पोट उघडीन!"

"बसा. म्हणूनच तुम्ही नाही. तुम्ही चोर असतात तर विसावलेलं रीळ चोरलं असतंत. शेठ आले मोकळ्या हाताने. ताटाएवढं रीळ, गाडीच्या किल्लीला अडकवून नेणार? आणि त्यांना दोन शेवट हवेच आहेत." आत्या थांबल्या. गोदामांच्या राखेतही त्यांना या जागेवर येऊन थांबायची सवय होती, कारण पुढचं नाव कुणाचं तरी घर मोडणारं असायचं.

"मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. रीळ कुठे असेल? शेठ आगीचं बोलले. डॉक्टर थंडीचं बोलले. पाण्याचं बोलली ती एकटीच. ओलसर फिल्म वाळते का, म्हणाली. तोवर ओलाव्याचं नाव तुम्ही कुणाजवळ काढलं होतंत?"

"नाही," डॉक्टर पुटपुटले. "ती मोठी पिशवी..."

"फोटो आत ठेवला, रीळ बाहेर नेलं. विसाव्याच्या फळीवर जोडायला ठेवलेली कोरी फिल्म असते, ती डब्यात. डबा उघडल्यावर रिळाला घाम फुटलेला तिने पाहिला आणि घाबरली. हे लक्षात घे, राजा. जिला ते नष्टच करायचं असतं, ती वाळवायचं कसं हे विचारत नाही."

"पण वडिलांचाच सिनेमा! का?"

"ते शाई सांगत नाही. तिलाच विचारू." आत्या उठल्या. "मावशींनाही गाडीत घे. त्यांना हे सगळं काल पाचपासून माहीत आहे."

६

दार अर्धवट उघडंच होतं.

आतल्या खोलीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. त्यांवर कपड्यांऐवजी काळपट, चकाकती फिल्म सैलसर झुलत होती, झोक्यासारखी, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत आणि परत. खोलीत व्हिनेगरचा आंबट वास भरला होता. फिल्मचं उरलेलं रीळ स्वच्छ चादरीवर ठेवलेलं. छोटी खाली जमिनीवर बसली होती, शाळेला गेलीच नव्हती.

डॉक्टर "अरे देवा" म्हणून पुढे झाले, वाकून पाहिलं आणि दचकून थांबले. "एकही डाग नाही. एकही वेढा चिकटला नाही."

"तुम्हीच सांगितलंत ना," छोटी म्हणाली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. "पोलीस कुठायत?"

"देवाने पाहिलं, मी पाहिलं. तिसरा कशाला हवा," आत्या म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात टेकत तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "सांग बाळा."

छोटीने दोरीवरच्या फिल्मकडे बोट केलं.

"त्या शेवटात मी रडते. लोक म्हणतात, काय अभिनय केला असेल सहा वर्षांच्या पोरीने. अभिनय नव्हता तो. आई तेव्हा दवाखान्यात होती, बरी होत होती. मला रडता येईना. बाबांनी मला जवळ घेतलं, कानात सांगितलं, तुझी आई आत्ताच गेली. आणि कॅमेरा चालू केला." तिने तळवे जमिनीवर दाबले. "चार मिनिटं. न थांबवता. आई तीन दिवसांनी घरी आली, पण मी वर्षभर तिला हात लावून बघायचे, खरी आहे का म्हणून. आणि आज तीनशे माणसं त्याला टाळ्या वाजवणार होती."

संचालकांनी मान खाली घातली. परवानगीच्या सह्या त्यांनी सगळ्यांच्या घेतल्या होत्या. हिची घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मावशींवर आळ येईल हे तुला कळलं नाही?" आत्यांनी हळूच विचारलं.

"मी सकाळी नेलं. त्या संध्याकाळी येतील हे मला कुठे ठाऊक होतं? आज जिन्यात ऐकलं, त्यांनी कबुली दिली म्हणून. तेव्हाच सांगायला हवं होतं. पाय उचलेना. घरी येऊन हे वाळत घातलं, म्हटलं वाळलं की परत नेऊन देते." आता तिने मान वर केली, मावशींकडे पाहिलं. "तुम्ही का घेतलंत अंगावर?"

मावशी उंबऱ्यातच उभ्या होत्या. "काल डब्याला नाक लावलं. आंबट वास नव्हता. आतलं रीळ बदललं की संकलकाला कळतं गं. आणि कुणी नेलं असेल तेही कळलं, त्या चार मिनिटांची भीती दुसऱ्या कुणाला असणार? आज रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन बसले होते, म्हटलं, एकदा निस्तरलंय, पुन्हा निस्तरू."

"एकदा म्हणजे?"

आत्याच म्हणाल्या, "रीळ खतांच्या डब्यात आपल्या पायांनी गेलं नव्हतं."

छोटी उठली. दोरीवरच्या फिल्मचं सगळ्यांत बाहेरचं टोक तिने खिडकीच्या उजेडासमोर हलकेच धरलं. रीळ शेपूट बाहेर राहील असं गुंडाळलेलं होतं, म्हणजे बाहेर होता तो प्रसंगाचा अगदी शेवट.

"वाळत घालताना बघायचं नाही असं ठरवलं होतं," ती म्हणाली. "पण दिसलं. पाटीच्या आधी. मी रडतेय, आणि बाजूने कुणीतरी धावत येतं, कॅमेऱ्यासमोर. मला उचलतं. पाठच दिसते. बाबा ओरडत असणार, कारण ती बाई मान वळवून हात उगारते, असा. चेहरा हलल्यामुळे पुसट आलाय. मला आठवत होतं, कुणीतरी उचललं होतं. हाताला गोंदासारखा वास होता. मला आयुष्यभर वाटलं, ते स्वप्न." तिने टोक जरा वर धरलं. "माझ्या पाठीवरचा हात मात्र स्पष्ट दिसतो. डावा. त्यात पांढरा मोजा आहे. एकाच हातात."

सगळ्यांनी मावशींच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी तो पदराआड नेला, चोरी सापडल्यासारखा.

"तुझे बाबा म्हणाले, हाच शेवट राहणार. थोरले शेठ म्हणाले, नको. दोघं भांडत बसले. मला माहीत होतं, आज ना उद्या बाबा जिंकणार. म्हणून मी सांगितलं, जळलं." मावशींनी डोळे टिपले. "खरंच जाळणार होते. काडी ओढली होती. पण शेवटच्या पंधरा फुटांत तू माझ्या कडेवर होतीस. ते कसं जाळू?"

डॉक्टर कधीचे भिंतीकडे तोंड करून उभे होते. छोटी दोऱ्यांखालून वाकून, फिल्मला धक्का न लावता, उंबऱ्यापर्यंत गेली.

पावणेचार वाजले होते.

७

"सहाला दाखवू काय?" परतीच्या वाटेवर संचालकांनी विचारलं.

"आतल्या वेढ्यांत अजून ओल असेल," डॉक्टर मांडीवरचं रीळ तान्ह्या मुलासारखं धरून म्हणाले. "उद्यापर्यंत त्यांना हात लावू देणार नाही. बाहेरचं वाळलंय. तेवढं यंत्रावर चढवता येईल. पंधरा फूट, फार तर."

"दहा सेकंद! तीनशे माणसं दहा सेकंदांसाठी आलीत? आणि नियमाप्रमाणे सापडलेलं सगळं साहित्य..."

"नियम पेन्सिलीचाही होता," आत्या म्हणाल्या. डॉक्टर खोकले.

सहा वाजता सभागृह भरलं. आई परत येते तो जुना शेवट झाला, सनई वाजली, दिवे लागले. संचालक मंचावर आले तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हता. तो आत्यांच्या पिशवीत होता, चार तुकड्यांत. ते एवढंच म्हणाले की दुसरा शेवट जळला नव्हता, कधीच जळला नव्हता. तो ज्यांचा आहे त्या बोलतील.

छोटीने माइक वर्गात खडू धरावा तसा धरला. "चव्वेचाळीस वर्षं एका बाईंनी माझ्यासाठी शिव्या खाल्ल्या आणि मला कळू दिलं नाही," ती म्हणाली. "आज त्यांच्यावर पुन्हा आळ आला, तो माझ्यामुळे. रीळ मी नेलं होतं. उरलेला शेवट कधी दाखवायचा, दाखवायचा की नाही, ते मी सांगेन. आज फक्त हे बघा."

दिवे गेले. दहा सेकंद. आवाज नाही, संगीत नाही. रडणारी मुलगी, बाजूने धावत आलेली पाठमोरी बाई, एक पांढरा हात मुलीच्या पाठीवर, दुसरा उघडा हात कॅमेऱ्यावर उगारलेला, जणू आपल्यावरच. मग प्रसंग संपल्याची उलटी धरलेली पाटी. मग कोरा पांढरा उजेड.

टाळी कुणी वाजवली नाही. तिसऱ्या रांगेत धाकटे शेठ उभे राहिले, मागे वळून पंच्याहत्तरीच्या त्या बाईंकडे पाहिलं आणि हात जोडले. मग त्यांच्या शेजारची माणसं उठली, मग मागची. खुर्च्यांच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता.

मावशींना मात्र समोरचं काही दिसत नव्हतं. त्या डाव्या हातातला मोजा एकेका बोटाने सोडवत होत्या. छोटी मंचावरून उतरून त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"आतलं उरलेलं आहे," ती म्हणाली. "ती चार मिनिटं. एकटीला बघवणार नाही मला. तुम्ही बसाल माझ्याजवळ?"

मावशींनी मोजा काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि आपला उघडा हात तिच्या हातात दिला.

"बसेन की. पण घाई नाही गं," त्या म्हणाल्या. "आधी विसावू दे."